कितीपैकी किती?

पत्र: ताई, मी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड, म्हणजे चाली रचून पास देणारी खेळाडू आहे. दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्राचा पेपर आहे आणि अंतर्गत परीक्षेत संभाव्यतेच्या प्रश्नांत मी सपशेल आपटले. सर वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "खेळाडूंचं डोकं पायात असतं." मैत्रीण समजूत घालते, की कोर्टवर तू डोळ्याचं पातं लवायच्या आत कोन, अंतर, वेग सगळं जोखतेस, तेच तर गणित, तुला ते येतंच, फक्त पेपरात दिसत नाही. मला दोघांचंही पटत नाही. त्यातच प्रशिक्षकांनी या हंगामात संघाच्या शॉटची नोंद ठेवायचं आणि दर आठवड्याला त्यातून काय दिसतं ते सांगायचं काम माझ्यावर सोपवलंय. आकडे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. हे काम घेऊ की नम्रपणे नाही म्हणू?
– पॉइंट गार्ड

प्रिय पॉइंट गार्ड,

तुला दोघांचंही पटत नाही, ही या पत्रातली मला सर्वांत आश्वासक वाटलेली गोष्ट. एक जण तुला खाली ढकलतोय, दुसरी उचलून धरतेय, आणि तू दोन्हीकडे "खरंच का?" असं विचारतेस. संख्याशास्त्राला लागणारी वृत्ती ती हीच.

सरांचं आधी उरकते. हाराल्ड बोर हा डॅनिश गणिती १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये देशाच्या फुटबॉल संघातून खेळला आणि रौप्यपदक घेऊन परतला. दोन वर्षांनी त्याला गणितातली डॉक्टरेट मिळाली. फ्रँक रायन याने १९६४ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाचा क्वार्टरबॅक (चाली चालवणारा मुख्य खेळाडू) म्हणून अमेरिकन फुटबॉलचं विजेतेपद मिळवलं आणि पुढच्याच वर्षी गणितात पीएचडी पूर्ण केली. जॉन उर्शेल हा बाल्टिमोर रेव्हन्स या संघाकडून व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळत असतानाच एमआयटीत गणिताचं संशोधन करत होता. त्याची पीएचडी २०२१ मध्ये झाली. या तिघांवरून सगळे खेळाडू गणितात हुशार असतात असं मुळीच सिद्ध होत नाही. पण "खेळाडूंना जमत नाही" असं सरसकट विधान कोणी केलं, तर ते खोडायला एक उदाहरण पुरतं, आणि इथे तीन आहेत.

तरीही खेळाडूंचे गणितातले गुण घसरतात, हे अनेक वर्गांत दिसतं आणि त्याचं कारण शोधायला हवं. मला ते डोक्यात कमी आणि वेळापत्रकात जास्त दिसतं. काही विषयांत एक प्रकरण राहिलं तरी पुढचं वाचता येतं. गणितात तसं होत नाही. संघाबरोबर बाहेर असताना सशर्त संभाव्यतेचा (एक गोष्ट घडली असं धरून दुसरीची शक्यता) एक तास बुडाला, की परत आल्यावरचे पुढचे कितीतरी तास तू बाकावर बसूनही बुडालेलेच असतात, कारण प्रत्येक तासाचा पाया मागच्यात असतो. मग न समजण्याचा अनुभव साठत जातो, परीक्षेत पोटात गोळा येतो, आणि तो गोळा त्या क्षणी आकडेमोडीला लागणारी स्मरणाची जागाच अडवून बसतो. म्हणून स्पर्धेला निघण्यापूर्वी सरांना एवढंच विचार: मी नसताना काय शिकवणार? त्या भागातल्या व्याख्या आणि एक सोडवलेलं उदाहरण जायच्या आधी वाचून ठेव, समजलं नाही तरी चालेल. परत आल्यावर चालू धड्याच्या मागे धावू नकोस, आधी तुटलेला दुवा जोड. त्यांच्या वाक्याचा तुला राग आला असेल आणि तो रास्तच आहे, पण हा प्रश्न त्यांना विचारायचं त्यामुळे टाळू नकोस.

आता मैत्रीण. तिचं म्हणणं प्रेमाचं आहे म्हणून त्याचा जास्त धोका वाटतो.

उंच उडालेला चेंडू झेलायला धावणारा क्षेत्ररक्षक मनात कुठलंही समीकरण सोडवत नसतो. सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये एक सुंदर गोष्ट दाखवून दिली. चेंडू नजरेसमोर वर चढताना त्याचा चढ वेग घेतोय असं वाटलं तर मागे सरकायचं, मंदावतोय असं वाटलं तर पुढे यायचं. चढ एकसारखा राहील असं पळत राहिलं, की चेंडू पडतो तिथे आपण पोचलेलो असतो. कोन मोजायला नको, वेग मोजायला नको. हवेतली चकती झेलणारे कुत्रेही जवळपास अशीच युक्ती वापरतात, असं २००४ मध्ये एका प्रयोगात दिसलं. तुझा नो-लुक पासही, म्हणजे न बघता दिलेला पास, याच जातीचा. तो वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावलेला आहे आणि मला त्याचं अपार कौतुक आहे. पण तो जमतो म्हणून परवलय (फेकलेल्या चेंडूच्या वाटेचा वक्र) किंवा संभाव्यता आपोआप समजेल, असं मानलंस तर परीक्षेत पुन्हा फसगत होईल, आणि या वेळी तू स्वतःला आणखी दोष देशील: "मला येत होतं, तरी जमलं नाही."

मग या दोन्हींच्या मध्ये काय आहे? १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला इथे महत्त्वाचा वाटतो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर फळं आणि खाऊ विकणाऱ्या पाच मुलांना संशोधकांनी आधी गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले. ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. नंतर तशीच आकडेमोड कागदावर नुसत्या बेरीज-गुणाकाराच्या रूपात दिली, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. आणि तेच गणित शाब्दिक उदाहरणाच्या रूपात दिलं, तेव्हा ७४ टक्के. मुलं तीच होती. बदलली होती ती मांडणी. नाइला नासिर यांनी २००० मध्ये शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंच्या सरासरी आणि शेकडेवारीच्या समजेवर लिहिलं, त्यातही हाच धागा आहे: खेळाच्या संदर्भात विचारलं की मुलं अर्थपूर्ण वाट काढत, शाळेच्या मांडणीत तोच विचार हातातून निसटत असे.

याचा तुझ्यासाठी अर्थ असा, की तुझ्याजवळ कच्चा माल आहे आणि तो पुष्कळ आहे. त्याचं गणित तेव्हा होतं, जेव्हा तू जे केलंस ते शब्दांत मांडतेस, काय गृहीत धरलं ते सांगतेस आणि ते गृहीतक बदललं तर निर्णय बदलेल का हे तपासतेस. हे तिन्ही शिकता येतं. तुझ्याच खेळातून शिकता येतं. एक उदाहरण नीट करून बघू, वही घे.

तुझ्या संघात दोघी आहेत असं धर. पहिली बास्केटजवळून शॉट घेते, दोन गुणांचा, आणि १०० पैकी ४५ टाकते. दुसरी कोर्टवर आखलेल्या कमानीबाहेरून, म्हणजे लांबून, तीन गुणांचा घेते आणि १०० पैकी ३४ टाकते. पास कोणाला? पहिलीचा प्रत्येक शॉट सरासरी ०.९० गुणांचा, दुसरीचा १.०२ गुणांचा. म्हणजे तीनपैकी जवळजवळ दोन वेळा चुकणारी मुलगी संघाला जास्त गुण देते. पुष्कळ खेळाडूंना हे आतून पटत नाही, कारण चुकलेला शॉट डोळ्यांत राहतो आणि सरासरी कुठेच दिसत नाही.

आता शेवटचे काही सेकंद उरलेत, एकच शॉट मिळणार आहे आणि तुम्ही दोन गुणांनी मागे आहात. दोन गुणांचा शॉट गेला तर फक्त बरोबरी होते आणि जादा वेळ मिळतो. तिथे दोन्ही संघांना समान संधी मानली, तर जिंकण्याची शक्यता ४५ टक्क्यांच्या निम्मी, म्हणजे साडेबावीस टक्के. तीन गुणांचा गेला तर तिथेच जिंकलात: ३४ टक्के. पास दुसरीला. पण तुम्ही एकाच गुणाने मागे असाल तर? दोन गुणांनीही सामना खिशात. पहिलीकडून ४५ टक्के, दुसरीकडून ३४. पास पहिलीला, जरी सरासरी गुणांच्या हिशेबात दुसरी सरस असली तरी. खेळाडू त्याच, आकडे तेच, फलकावरच्या एका गुणाने उत्तर उलटलं. कारण आता "सरासरी किती गुण मिळतील" हा प्रश्नच उरलेला नाही, "जिंकण्याची शक्यता किती" हा आहे.

इथे तू म्हणशील, शेवटच्या क्षणी बचाव करणाऱ्या मुली कमानीबाहेर चिकटून उभ्या राहतात, ३४ टक्के कुठले राहणार? अगदी बरोबर! हे म्हणालीस, की तू गृहीतक पकडलंस. मग शोध, की ते ३४ किती खाली आले तर दोन्ही पर्याय सारखे होतील. (साडेबावीसपर्यंत.) तेवढे खाली येतील असं तुला वाटतं का, हे तुझं खेळातलं ज्ञान ठरवेल. आकडे तुझ्या अनुभवाची जागा घेत नाहीत, त्याला नेमका प्रश्न विचारतात. या उदाहरणात तू गुणाकाराचा नियम, अपेक्षित मूल्य (शॉटमागे सरासरी मिळणारे गुण) आणि सशर्त संभाव्यता वापरलीस. तुझ्या पेपरातल्या प्रश्नांमागे बहुधा याच कल्पना होत्या.

म्हणून अभ्यासाची एकच पद्धत सांगते. पुस्तकातला प्रश्न आला, की तो आधी कोर्टवर ने. पिशवीतले लाल-निळे गोळे म्हणजे टाकलेले आणि चुकलेले शॉट. सोडव. आणि मग, हे सोडू नकोस, परत पुस्तकाच्या भाषेत आण: घटना कोणती, अट कोणती, भागिले कशाने. बहुतेक जण जाताना उत्साहाने जातात आणि परतीचा रस्ता टाळतात. त्या परतीतच परीक्षेचे गुण आहेत, कारण पेपरात बास्केटबॉल येणार नाही. प्रत्येक उत्तर काढण्याआधी अंदाजही लिहून ठेव, निम्म्याहून जास्त की कमी एवढा तरी. अंदाज आणि उत्तर यांत मोठी तफावत आली की तिथे थांब. तुझी समज कुठे वाकडी आहे ते तिथेच सापडतं.

आता प्रशिक्षकांच्या कामाबद्दल. घे. माझं स्पष्ट मत आहे. पेपरासाठी याहून चांगला सराव तुला कुठे मिळणार? आणि संघालाही अशा माणसाची गरज असते. २००३ च्या क्रिकेट विश्वचषकात डर्बनला दक्षिण आफ्रिका आणि श्रीलंका यांच्या सामन्यात पाऊस येत होता. पावसाने खेळ थांबलाच तर ४५ षटकांअखेर २२९ धावा हव्यात, असा हिशेब आफ्रिकेच्या फलंदाजांपर्यंत पोचला होता. मार्क बाऊचरने षटकार मारून २२९ गाठले आणि शेवटचा चेंडू शांतपणे तटवला. पावसाने खेळ थांबला आणि कळलं, की २२९ ही बरोबरीची धावसंख्या होती, जिंकायला २३० लागत होत्या. सामना बरोबरीत सुटला आणि यजमान संघ स्पर्धेबाहेर गेला. बेरजेत कोणाची चूक नव्हती. तो आकडा "इतके" सांगतो की "याहून जास्त", एवढंच कोणी विचारलं नाही. २०२३ च्या आशिया चषकात अफगाणिस्तानला पुढे जायला ३७.१ षटकांत २९२ धावा हव्या होत्या. तेवढ्यात त्या झाल्या नाहीत आणि सगळं संपलं असं मैदानावर मानलं गेलं. प्रत्यक्षात ३७.४ षटकांपर्यंत २९५ झाल्या असत्या तरी निव्वळ धावगतीत ते पुढे गेले असते. धावा होत्या २८९. एक षटकार उरला होता आणि समोरचा फलंदाज चेंडू तटवत होता, कारण त्याला हे ठाऊक नव्हतं. मला हा प्रसंग आठवला की अजूनही हळहळ वाटते.

तुझ्या नोंदवहीत एका खड्ड्यापासून सांभाळ. एखादीने पहिल्या सामन्यात ४ पैकी ३ शॉट टाकले, ७५ टक्के. दुसऱ्यात १० पैकी २, म्हणजे २० टक्के. दोन्हींची सरासरी काढून साडेसत्तेचाळीस टक्के लिहिलंस तर ते चूक. तिने १४ पैकी ५ टाकलेत, जेमतेम ३६ टक्के. शेकडेवारींची सरासरी तेव्हाच चालते, जेव्हा प्रत्येक वेळचे प्रयत्न सारखे असतात. आणि १४ शॉटवरच्या ३६ टक्क्यांवर फार विसंबूही नकोस. तेवढ्या शॉटमध्ये नशिबाचा हात मोठा असतो. तिची खरी क्षमता २५ टक्के असू शकते किंवा ४५ सुद्धा. ही अनिश्चितता निम्मी करायला शॉट चौपट लागतात. हा नियम तुमच्या पुस्तकात वर्गमूळाच्या चिन्हाखाली लपलेला असेल, तो शोध.

आणि "ती आज पेटलीये, तिलाच पास द्या" हे वाक्य तू बाकावरून रोज ऐकत असशील. त्याची गोष्ट तर थेट विद्यापीठाच्या खेळाडूंची आहे. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्व्हर्स्की या संशोधकांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या संघांतल्या २६ खेळाडूंकडून, त्यात मुलीही होत्या, प्रत्येकी १०० शॉट घेऊन पाहिले. लागोपाठ शॉट गेल्यावर पुढचा जाण्याची शक्यता वाढते का? त्यांचं उत्तर होतं, नाही, तो आपल्या मनाचा भास आहे. हा निष्कर्ष तीन दशकं शिकवला गेला. मग २०१८ मध्ये मिलर आणि सानहुर्हो यांनी दाखवलं, की मोजण्याच्या पद्धतीतच एक बारीक कल आहे.

तो तुला स्वतःला तपासता येईल. नाणं तीनदा उडवल्यावर होणारे आठही क्रम लिही. प्रत्येक क्रमात छाप पडल्यानंतरचा फेक बघ आणि त्यातले किती छाप आहेत ते प्रमाण काढ. दोन क्रमांत असा फेकच नाही, ते सोड. उरलेल्या सहांची प्रमाणं: १, अर्धा, ०, ०, १, ०. सरासरी ५/१२, म्हणजे निम्म्याहून कमी! नाणं निखळ असूनही छापेनंतर छाप कमी पडते असा भास होतो, कारण वर सांगितलेला खड्डाच इथे वेगळ्या रूपात आहे: फेक कमी असलेल्या क्रमालाही जास्त फेक असलेल्या क्रमाइतकंच वजन दिलं. त्यामुळे खेळाडूंच्या आकड्यांत शॉट गेल्यानंतर आणि चुकल्यानंतर जी बरोबरी दिसली होती, तिचा अर्थ थोडी "पेटलेली" अवस्था खरी असू शकते असा निघतो. किती खरी, यावर वाद चालू आहे. मला यातून तुला इतकंच दाखवायचंय, की नावाजलेले संशोधकही जिथे अडखळले, तिथे दुसऱ्या वर्षाच्या मुलीला वहीच्या एका पानावर पोचता येतं. हे पान आज रात्रीच करून बघ.

नोंदी सुरू करताना साधं ठेव. शॉट कुठून घेतला, अंगावर कोणी होतं का, गेला की नाही, बस. पहिला महिना टक्के लिहूच नकोस, "१४ पैकी ५" असंच लिही. सरावातले आणि सामन्यातले शॉट वेगळ्या पानांवर. मोजणी तू खेळत असताना होणार नाही, म्हणून बाकावरच्या राखीव मुलींना पाळीपाळीने शिकव. दुसरीला समजावताना तुझं तुलाच जास्त उमगेल. शिवाय लक्षात घे, हे आकडे तुझ्या मैत्रिणींचे आहेत. नावांसकट क्रमवारी लावून भिंतीवर टांगू नकोस, प्रशिक्षकांनी सांगितलं तरी आधी त्यांच्याशी बोल. प्रत्येकीला तिचं पान आधी तिला एकटीला दाखव. आणि आठवड्याच्या बैठकीत त्यांनी विचारलं, "मग सध्या कोण फॉर्मात आहे?", तर कितीपैकी किती ते सांग आणि शॉट पुरेसे नसतील तर "अजून सांगता येत नाही" असं न घाबरता म्हण.

फेरपरीक्षेनंतर मला पत्र लिही. वहीतलं एखादं न सुटलेलं पान असेल तर तेही पाठव, मैत्रिणींची नावं तेवढी काढून.

तुझी,
ताई